गरम पुर्जा मोजू नये

माझी बायपास होऊन बरेच दिवस झाले. आता आमच्या रांझी वस्तीत कोणाची छाती दुखली की लोक त्याला आधी माझ्याकडे पाठवतात, "प्रमिलाबाईले विचार" म्हणून. प्रत्येकाला तेच तेच सांगून माझा घसा बसून राहिला, म्हणून एकदाचं लिहून काढते. गोळ्यांची नावं यात मिळणार नाहीत, ती तुमच्या डॉक्टरला विचारा. आणि भाषेचं म्हणाल तर माझी मराठी जबलपूरची आहे. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी आणि रागात दोन्ही. समजून घ्या.

मापाची खोली

मी फॅक्टरीत गेज रूममध्ये आहे. गेज म्हणजे मापाचं हत्यार. फॅक्टरीत बनलेला पार्ट बरोबर आहे की नाही हे गेज सांगतं, आणि गेज बरोबर आहे की नाही हे मी सांगते. माझ्या सहीशिवाय गेज शॉपमध्ये जात नाही. मोठमोठे फोरमन माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणतात, "दीदी, जल्दी कर दो," आणि मी म्हणते, "जल्दी चाहिए तो बाज़ार जाओ."

होय, मला घमेंड आहे. नागपूरकडून मजुरीला आलेल्या माणसाची मी नात. माझ्या आजोबांना ज्या कारखान्याच्या गेटवर ताटकळत उभं राहावं लागलं, त्याच्या आत माझी स्वतःची थंड खोली आहे. का नसावी घमेंड?

त्या खोलीचा एक नियम आहे, तो पुढे लागेल म्हणून आत्ताच सांगते. मशीनवरून आलेला पुर्जा लगेच मोजायचा नाही. लोखंड गरम असलं की फुगतं, नुसतं हातात धरून ठेवलं तरी फुगतं. म्हणून तो लोखंडी टेबलावर ठेवायचा, खोलीच्या थंडाव्याला येऊ द्यायचा, मंग मोजायचा. नवीन पोट्टे घाई करतात आणि शिव्या खातात. माझ्या.

पायऱ्यांवर

तो दिवस नेहमीसारखाच होता. जेवणाची सुट्टी संपवून जिना चढत होते, तर छातीवर कोणी हात दाबून धरल्यासारखं झालं आणि डावा जबडा दुखायला लागला. मला वाटलं दात असेल. मी तिथेच पायरीवर बसले आणि चप्पल ठीक करायचं नाटक केलं. येणारे-जाणारे विचारत, "क्या हुआ दीदी?" मी म्हणे, "कुछ नहीं, पट्टा ढीला है."

घामाने ब्लाउज भिजला तरी माझा चपलेचा पट्टा ढिलाच होता! शेवटी एका हेल्परने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मला न विचारता गाडी बोलावली. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

हॉस्पिटलात नळी घालून पाहिलं. डॉक्टर मॅडम तरुण, माझ्या पोरीपेक्षा, पल्लवीपेक्षा, पाच-सात वर्षांनी मोठ्या असतील. म्हणाल्या, हृदयाच्या तीन नळ्यांत अडलं आहे, बायपास करावी लागेल. पण बीपी इतकं वर आहे की आधी ते खाली आणू, मंग ऑपरेशन. माझे मिस्टर मधुकरराव पलंगाच्या पायाशी उभे होते. ते वीज खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झाले. अबोल माणूस. दिवसभरात चार वाक्यं बोलले तर आम्ही म्हणतो, आज फार बोलले.

मी त्यांच्याकडे पाहून हसले आणि म्हटलं, "अहो, तीन नळ्या तं हायेत. तुम्ही काहून तोंड पाडून राहिले?"

मॅडमनी मला विचारलं, "आपको डर नहीं लग रहा?"

"बिल्कुल नहीं," मी म्हटलं.

वॉर्डातल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "बड़ी हिम्मतवाली हैं." मला बरं वाटलं, खोटं काहून बोलू.

चहाचा कारखाना

गोळ्या घेऊन घरी आले आणि आमच्या घरी जत्रा सुरू झाली.

आमच्याकडे आजारी माणसाला पाहायला येण्याची रीत तुम्हाला माहीतच आहे. कॉलनी आली, विहारातल्या बाया आल्या, गेज रूम आली, मिस्टरांचे लाइनमन आले, जवळच्या पाटणहून नणंद आली. जो येई तो आधी "जयभीम", मंग "कसं वाटते?" आणि मंग आपल्या ओळखीतला छातीच्या दुखण्याने गेलेला एखादा माणूस सांगे. एकाने तर त्या माणसाच्या तेरवीचं जेवण काय होतं तेही सांगितलं.

आणि मी? मी उठून चहा करी. पल्लवी ऑफिसात आणि मिस्टरांच्या हातचा चहा म्हणजे गरम पाणी. आमच्या घरून कोणी चहा न घेता गेलं असं कधी झालं नाही. शेजारच्या कुसुमबाई म्हणायच्या, "अवं बस ना, बीमार तू हायेस का मी?" मी म्हणे, "काही नाही झालं मले." त्या कौतुकाने सगळ्यांना सांगत, "वाघीण हाय आमची प्रमिला!" तेवढं ऐकलं की मी आणखी एक पातेलं ठेवी.

अशात ऑपरेशनचा दिवस आला. बॅग भरली, सगळ्यांना नमस्कार केला, भरती झाले. सकाळी बीपी मोजलं तर वरचा आकडा दोनशेच्या पलीकडे. पुन्हा मोजलं, आणखी वर. मॅडम आल्या, भूलवाले डॉक्टर आले, कोपऱ्यात उभं राहून बोलले आणि मला घरी पाठवलं. मॅडम म्हणाल्या, "ऐसे में हाथ नहीं लगा सकते. नीचे लाइए, फिर आइए. पर ज़्यादा देर भी नहीं कर सकते."

त्याचा अर्थ मला समजत होता. तीन नळ्या माझ्यासाठी थांबणार नव्हत्या. बीपी उतरलं तर ऑपरेशन, नाही तर आज ना उद्या ती जिन्याची पायरी. भरलेली बॅग घेऊन परत फाटकातून आत येताना कोणी पाहू नये म्हणून मी मान खाली घालून चालले. तर कुसुमबाई दारातच! "इतक्या लवकर झालं बी?"

तीन मशिनी

आता माझी मोठी चूक ऐका. ही चूक गेज रूमची बाईच करू शकते.

मी ठरवलं की मशीन खोटी आहे.

घरी पल्लवीने आणलेली बीपीची मशीन होती. मी म्हटलं, हिचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं? सर्टिफिकेट कुठे आहे? पल्लवी म्हणाली, "मम्मी, ये मेडिकल से ली है, फॅक्टरी से नहीं." आमची पोट्टी मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देते. मी कुसुमबाईंची मशीन मागवली. तिसरी औषधाच्या दुकानातून आणवली. तिन्ही टेबलावर मांडल्या आणि एकामागून एक हाताला लावल्या. तिन्हींचे आकडे वेगळे.

"पाहा! मी म्हटलं नव्हतं?" मी ओरडले. "एकही खरी नाही! अशावर माणसाची छाती फाडतात का?"

ओरडून पुन्हा मोजलं. आकडा आणखी वर. पुन्हा ओरडले.

मिस्टर बिचारे पट्टा बांधत, सोडत, पुन्हा बांधत. पल्लवी गमतीने म्हणाली, "पापा का भी देख लो." ते म्हणाले, "माझं काय पाहतं, मी ठणठणीत हाय," आणि वायर गुंडाळायला लागले. मी लक्ष दिलं नाही. माझा खटला चालू होता ना!

पुढच्या तपासणीला मी मॅडमसमोर तो खटला मांडला. त्यांनी शांतपणे ऐकलं. आम्ही गेज कसं मोजतो ते विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं, "मॅडम, हमारे यहाँ गरम पुर्जा नहीं नापते. पहले ठंडा होने देते हैं. आप लोग तो आदमी को पकड़ते हैं और नाप देते हैं."

मॅडम खळखळून हसल्या. म्हणाल्या, हे अगदी खरं आहे. पाठ टेकून थोडं शांत बसावं, बोलू नये, नुकताच चहा घेतलेला नसावा, तेव्हाच मोजावं. माझी कॉलर ताठ झाली. मंग त्यांनी विचारलं, "तो बताइए, आप ठंडी कब होती हैं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

सुट्टी घेईपर्यंत सकाळी फॅक्टरीची घाई. तिथे दिवसभर चूक शोधणं, तेच माझं काम. आता सुट्टीवर घरी, तर पाहुणे. पाहुणे गेले की मिस्टरांसमोर हसरं तोंड, पल्लवीसमोर हसरं तोंड. बाथरूममध्येसुद्धा नळ सोडून गाणं म्हणे, म्हणजे बाहेरच्यांना वाटावं की बाई मजेत आहे. मी तोंड तसंच मिटलं.

मॅडम म्हणाल्या, "मशीन झूठ नहीं बोल रही. आप दिन भर गरम ही रहती हैं." मंग खुर्ची जवळ ओढून त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. राग गिळला, भेव लपवलं, तरी शरीराला ते माहीत असतं. ते आपलं तयारीत उभं राहतं, नळ्या आवळून, ठोके वाढवून. एक दिवस चालतं. वर्षानुवर्षं तेच केलं तर त्या नळ्यांना सुटी कधी मिळणार? नुसत्या मनामुळेच आजार होतो असं त्या म्हणाल्या नाहीत. माझ्या आईलाही बीपी होतं, मीठ मला जास्त लागतं, तेही कारण आहे. म्हणून गोळी एक दिवसही चुकवायची नाही. पण गोळी एकटी बीपी खाली ओढून राहिली आणि मी उलट बाजूने ओढून राहिले, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

मला फार राग आला. परतताना मिस्टरांना म्हटलं, "ही डॉक्टर पोट्टी मले शिकवते! मी काय लपवून राहिले?"

ते गाडी चालवत राहिले.

लाइनमनची वेणी

त्यानंतर एका दुपारी मी आरशासमोर वेणी घालायला हात वर केले आणि छातीत तोच दाब आला. हात खाली घेतले, जिभेखाली गोळी ठेवली. दुखणं गेलं. पुन्हा हात वर केले.

मागून कोणी तरी माझ्या हातातला कंगवा काढून घेतला. "बस खाली," मिस्टर म्हणाले.

लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसाने माझ्या केसांना कधी हात लावला नव्हता. त्यांनी गुंता काढला, तीन भाग केले आणि केबल पिळतात तशी माझी वेणी पिळायला लागले.

"अहो, हा काय डीपीचा वायर हाय का?"

"हालू नको. शॉर्ट होईन."

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ते मात्र गंभीरपणे पीळ देत राहिले. खिडकीतून ऊन येत होतं, त्यांची जाडजूड बोटं मानेला लागत होती, आणि मी गप्प बसून होते. मला वाटतं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मला कुठे जायचं नव्हतं.

वेणी झाल्यावर त्यांनी सवयीने पट्टा बांधला. आकडा आला. मी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. वरचा आकडा चांगलाच उतरला होता.

"बिघडली," मी म्हटलं. "मशीन गेली कामातून."

"काहून बिघडन?"

"तुम्ही तुमच्या हाताले लावा. ठणठणीत माणसावर लावली की कळते."

ते नको नको म्हणत होते. मी ऐकते थोडीच! हात ओढला, पट्टा बांधला, बटण दाबलं. मला परत पाठवलं त्या सकाळी माझं आलं होतं, त्याच्या जवळपास आलं. मी म्हटलं, उठून आले आहात, बसा, थंड व्हा. बसवलं, गप्प ठेवलं, पुन्हा लावलं. तेच.

मंग दुसरी मशीन आणली, मंग तिसरी. त्याही तेच बोलल्या. तिन्ही मशिनींचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि मी मशीन बाजूला सारली.

"केव्हापासून?" मी विचारलं.

ते खाली पाहत राहिले. "डोकं दुखते मधेमधे. तुले परत पाठवलं तेव्हापासून जास्त."

"आणि सांगतलं नाही?"

"कोणाले सांगू?" मधुकररावांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "तू वाघीण. तुले काहीच होत नाही. सारे येतात, तुझं कौतुक करतात, चहा पितात, जातात. मी पोलवर चढलो, चालू लाइनजवळ काम केलं, कधी हात थरथरला नाही. आता रोज सकाळी तुझा श्वास चालू हाय का पाहतो. मले भेव लागते, प्रमिला. आणि या घरात भ्यायला जागाच नाही."

मी त्यांना काही तरी खंबीर बोलणार होते. तोंडावर आलंच होतं, "काही नाही होत मले." आणि ते शब्द बाहेर पडेनात. त्याऐवजी भलतंच बाहेर पडलं.

"मलेही लागते हो," मी म्हटलं. "टेबलावर मरून जाईन असं वाटते. पल्लवीचं काय, तुमचं काय. पायरीवर बसले तेव्हापासून वाटते."

आम्ही दोघं रडलो. नाक वाहीपर्यंत रडलो. तेवढ्यात फाटक वाजलं आणि कुसुमबाईंचा आवाज आला, "प्रमिला, हाय का घरी? आमच्या शारदाची सासू आली हाय तुले पाहायले!"

मिस्टर घाईने डोळे पुसायला लागले. मी त्यांचा हात धरला आणि आतूनच ओरडले, "कुसुमबाई, आज चहा नाही! आम्ही दोघं रडून राहिलो! उद्या या!"

बाहेर शारदाची सासू हळूच म्हणाली, "माय वं." आणि पावलं दूर गेली.

माझ्या घरून कोणी चहा न घेता गेलं ते पहिल्यांदाच. मला वाटलं आता कॉलनीत नाक कापलं गेलं. पण थोड्या वेळाने फाटक पुन्हा वाजलं. कुसुमबाई थर्मास ओट्यावर ठेवून परत निघून गेल्या. अद्रकाचा चहा होता. मी आयुष्यात हजारो कप चहा केला असेल, पण तो एक कप मला आजही आठवतो.

उतरण

दुसऱ्या दिवसापासून सगळं छान झालं, असं समजू नका. मिस्टरांना मॅडमकडे नेलं, त्यांनाही गोळी सुरू झाली. पाहुण्यांसाठी कुसुमबाईंनी फर्मान काढलं: ज्याला प्रमिलाला पाहायचं त्याने आपला चहा आपल्या घरी प्यावा, आणि मेलेल्या माणसांच्या गोष्टी फाटकाबाहेर सांगाव्या. कॉलनीत कुसुमबाईंचा शब्द मोडायची कोणाची हिंमत नाही.

रोज दुपारी मिस्टर वेणी घालत. वेणी होईपर्यंत दोघांनी खरं बोलायचं, असं आपोआप ठरलं. कधी भेव, कधी राग, कधी नणंदेची चुगली. मंग थोडा वेळ गप्प आणि मंग मशीन. काही दिवस आकडा चांगला येई, काही दिवस रुसून बसे. मी ओरडणं कमी केलं, बंद नाही केलं. पल्लवीला कळलं तेव्हा तीही येऊन मांडीला मांडी लावून बसली आणि म्हणाली, "मम्मी, मुझे भी... मलेही भेव लागते." पोट्टीचं ते पहिलं धड मराठी वाक्य. तिला जवळ घेताना वाईट वाटावं की अभिमान, मला समजेना. मी दोन्ही केलं.

आकडा हळूहळू उतरला. पुन्हा तारीख मिळाली.

दोन वेण्या

ऑपरेशनच्या सकाळी बायांचे केस दोन वेण्यांत बांधतात, मानेजवळच्या नळ्यांच्या आड येऊ नयेत म्हणून. नर्स कंगवा घेऊन आली तर माझ्या दोन्ही वेण्या तयार. शाळेतल्या पोरीसारख्या, पण पीळ असा की ओढला तरी सुटू नये.

"अम्मा, ये किसने बनाई? बेटी ने?"

"नहीं," मी म्हटलं, "लाइनमन ने." फोरमनसमोर बोलते त्याच आवाजात.

तिने पट्टा बांधला. बटण दाबण्याआधी सवयीने विचारलं, "डर तो नहीं लग रहा?"

बाजूच्या पलंगावरच्या बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"लग रहा है," मी म्हटलं. "बहुत." आणि पाठ टेकून, तोंड मिटून बसले. आयुष्यात मी बरीच हिंमतीची कामं केली आहेत. त्या एका शब्दाला जेवढी लागली तेवढी कशालाच लागली नाही, आणि त्याचा मला सर्वांत जास्त अभिमान आहे.

आकडा पाहून नर्स म्हणाली, "चलो अम्मा, हो गया."

मिस्टर स्ट्रेचरसोबत दारापर्यंत चालत आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मले भेव लागून राहिलं वं."

"मलेही," मी म्हटलं. दार बंद होईपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

शुद्ध आली तेव्हा घसा कोरडा ठक्क, छातीवर ओझं. हात हळूच खांद्यावर नेला. वेणी जागच्या जागी होती. तोंडातली नळी काढल्यावर नर्स वाकून म्हणाली, "अम्मा, सब बढ़िया हुआ. कुछ चाहिए?"

"बाहर हमारे साहब बैठे होंगे," मी म्हटलं. आवाज फुटत नव्हता, तरी तिला नीट समजावून सांगितलं. "जाओ, उनका बीपी नाप लो. पर पहले बता देना कि मैं ठीक हूँ, और थोड़ी देर बैठने देना. गरम मत नापना."